वल्ह्याला लावलेला कान

फॉर्मवर प्रश्न एकच होता, जाड अक्षरांत: मच्छीमार सागरी सीमांचे पालन का करत नाहीत? त्याखाली नऊ चौकोन. माहितीचा अभाव, कारवाईची भीती नसणे, पिढीजात सवय, असलं काहीबाही. हरेश्वर पागधरेने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला आणि शेवटच्या चौकोनात फुली मारली. ‘इतर’. पुढे ‘कृपया स्पष्ट करा’ म्हणून दोन ओळी सोडल्या होत्या. त्या त्याने कोऱ्याच ठेवल्या.

स्पष्ट करण्यासारखं होतं हो. पण ते अख्ख्या खारवेली बंदरात आपल्या एकट्याच्याच पोटात आहे असं त्याला वाटत होतं, आणि तीन वर्षं तिथेच मुरलं होतं.

बाकी कुणालाही विचारा, कारण एकच सांगतील: डबा बहिरा आहे. प्रत्येक होडीच्या केबिनमध्ये सरकारने एक करडा डबा बसवला होता. बंदरातल्या बायकांनी त्याचं नाव ‘जावई’ ठेवलं. चांगल्या जागी बसतो, बॅटरी खातो, काम काही करत नाही आणि जरा काही झालं की रुसतो. अंडी घालणाऱ्या माशासाठी समुद्रातला एखादा भाग बंद झाला की जावयाच्या पडद्यावर तिथे लाल गोल उमटायचा आणि तो कोकलायला लागायचा. पोरं त्याच्यावर टॉवेल टाकायची आणि लाल गोलातून आरपार जायची. का नाही जाणार? लाल गोलात मासा नसतो हे त्यांना दिसत होतं. भाद्रपदातल्या उधाणात तर कासव्या खडकाभोवती हटकून लाल व्हायचं, आणि कासव्याला घोळ मासा कुणाच्या आजोबानेही पाहिला नव्हता.

पण या महिन्याच्या एक तारखेपासून जावई नुसता कोकलणार नव्हता. आता त्याच्या हाती इंजिनाची किल्ली होती. लाल गोलात शिरलात की इंजिन रांगण्याइतकंच चालणार, मागे वळून बाहेर पडण्यापुरतं.

“कुलूपबिलूप सगळं कागदावर,” फॉर्म भरला त्याच दिवशी पहाटे हरेश्वर मुलाला म्हणाला होता. “कासव्याकडे लाल झालं तरी नाळेतून ये. तिथे काही नाही. मी सांगतोय ना.”

जितेश हसला आणि ‘जीवदानी प्रसाद’ होडी घेऊन निघून गेला. बापाचा शब्द म्हणजे त्याला पुरे होता.

आता हा डबा बहिरा कसा झाला, ते सांगायला तीन वर्षं मागे जायला हवं.

घोळ मासा बोलतो. थट्टा नाही, खरंच बोलतो. त्याच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिला इकडे बोत म्हणतात. अंडी घालायचे दिवस आले की नर आपले स्नायू त्या पिशवीवर भराभर आपटतो आणि पाण्यात ढोल घुमतो. एकाचं ऐकून दुसरा, दुसऱ्याचं ऐकून दहा, मग शेकडो. माद्या त्या आवाजाच्या मागाने येतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपट वेगाने पळतो आणि लांबवर पोचतो. म्हणून जुने तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचे, दांड्याचं टोक कानामागच्या हाडाला लावायचे आणि श्वास रोखून बसायचे. लाकडातून तो ढोल हाडात उतरतो. नेमक्या तेव्हाच जाळं टाकलं की एका खेपेत होडी भरते, आणि नेमक्या तेव्हाच जाळं टाकत राहिलं की दहा वर्षांत मासा संपतो. दोन्ही गोष्टी खऱ्या.

माशांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. रेवती सरपोतदारने यातूनच आपली योजना काढली होती. समुद्रात पस्तीस बोये, म्हणजे तरंगते पिंप, सोडायचे, प्रत्येकाखाली पाण्यातला आवाज टिपणारा एक कान. जिथे घोळ बोलेल तिथे तेवढे दिवस समुद्र बंद. मासा हलला की सीमाही हलणार. उगाच वर्षानुवर्षं कुणाचं पाणी अडवायचं नाही. योजना नामी होती. अडचण इतकीच की यंत्राला घोळ कुठली, कोळंबी कुठली आणि दगड कुठला, हे आधी कुणीतरी शिकवायला हवं होतं. त्यासाठी ती किनाराभर हिंडली आणि कानाचे सात तांडेल गोळा केले. त्यातला सगळ्यांत तयार कान हरेश्वरचा.

तीन महिने तो मच्छीमार सोसायटीच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर हेडफोन लावून बसला. रेवती आवाज लावायची.

“काका, हे?”

“घोळ. नर. लहान आहे अजून.”

“आणि हे?”

“कोळंबी. ती तडतडते बघ, तव्यावर मोहरी टाकल्यागत.”

ती खुदकन हसायची आणि लिहून घ्यायची. दुपारी हरेश्वरच्या बायकोच्या, यशोदाच्या हातचं बोंबलाचं कालवण खायची. पोरीने जीव लावला होता आणि हरेश्वरलाही ती आवडली होती. मग एक दिवस तिने अकरा नंबरच्या बोयाचा आवाज लावला आणि हरेश्वरने हेडफोन कानांवर घट्ट दाबला.

तो बोया जिथे सोडला होता ती त्याची जागा होती, घोळ हमखास लागणारी. सुकाणू सोडताना बापाने त्याच्या कानात सांगितलेली. बत्तीस वर्षं त्याने ती सख्ख्या भावाला सांगितली नव्हती, बायकोला सांगितली नव्हती, जितेशलाही नाही. ज्या दिवशी आपण सुकाणू सोडू त्या दिवशी मुलाला सांगायची, अशी रीत. आणि दुसरीही एक रीत आहे. मासा कुठे लागला म्हणून विचारलं तर तांडेल खरं सांगत नाही. याला बंदरात कुणी खोटं बोलणं म्हणत नाहीत. उजवीकडे लागला तर डावीकडे हात करायचा, ऐकणाऱ्यानेही मान डोलवायची आणि गुपचूप उजवीकडे जाऊन बघायचं. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी फसत नाही.

यंत्राला मात्र ही रीत कुणी सांगितली नव्हती.

“काका, हे?” रेवतीने विचारलं.

“दगड,” हरेश्वर म्हणाला. “पाण्यात दगड घोळतात, त्याचा आवाज.”

पुढे कासव्याचा आवाज आला. खडकाच्या पोटातल्या खळग्यांत उधाणाचं पाणी शिरून गोटे डुगडुगत होते. एका जागेला नाही म्हटलं की बदल्यात दुसरी दाखवायची, ही जन्माची सवय. “ही घोळ,” हरेश्वर म्हणाला. “भरपूर आहे.” कासव्याला कोण जातंय मासे धरायला? कुणाचं काय बिघडणार होतं?

आता ऐका काय बिघडलं ते.

पौर्णिमेचं उधाण होतं. दुपारी अडीचला हरेश्वर सोसायटीच्या खोलीत बसून तो फॉर्म अध्यक्षांना देत होता. अध्यक्ष नामदेव तरे, त्याच्याच वयाचा, लहानपणापासूनचा दोस्त आणि तेव्हापासूनचा वैरीही. तीन-चार तांडेल चहा पीत होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कासव्याभोवती लाल गोल नुकताच उमटला होता आणि सगळे त्याला हसत होते. तेवढ्यात वायरलेस खरखरला.

“सोसायटी, जितेश बोलतोय, जीवदानी प्रसाद. नाळेत आहे. जावयाने इंजिन दाबलं. पुढे जात नाही, मागेही जात नाही.”

हसणं थांबलं. नाळ म्हणजे कासवा खडक आणि वाळूची दांडी यांच्या मधली फट, बंदरात यायची जवळची वाट, दोन होड्या जेमतेम मावतील एवढी. उधाणाच्या भरतीत तिथलं पाणी आडवं धावतं आणि थेट खडकावर नेऊन घालतं. पूर्ण इंजिन लावून पाच मिनिटांत पार व्हायची जागा ती. रांगत कोण जाणार तिथून?

हरेश्वरने माईक ओढून घेतला. “नांगर टाक!”

“टाकला बाबा. धरत नाही, खाली कातळ आहे. वायर तोडू का डब्याची?”

“तोडू नकोस! तोडलीस तर आहे तेवढंही इंजिन बंद पडेल. खडक किती लांब?”

“ऐंशी वाव असेल. कमीच.”

ऐंशी वाव म्हणजे दीडशे मीटरही नाही, आणि होडीवर पाच जण होते. ओढायला दुसरी होडी पाठवावी तर तीही लाल गोलात शिरल्याबरोबर रांगायला लागणार. नामदेवने तोपर्यंत निरीक्षण केंद्राला फोन लावला होता. पडद्यावर रेवती दिसली. तिच्या मागे ड्यूटीवरचा अधिकारी हाताची घडी घालून उभा.

“ताई, कुलूप काढा,” नामदेव म्हणाला. “पोरगा कासव्यावर चाललाय.”

“त्यांचा धोक्याचा इशारा आलाय आमच्याकडे,” मागून अधिकारी बोलला. “या मोसमातला बेचाळिसावा. आधीचे एक्केचाळीस खोटे निघाले. लाल गोलात सापडलं की कारवाईतून सुटायला बटण दाबतात सगळे. गस्तीची बोट पाठवलीय, ती बघून सांगेल.”

“किती वेळात?”

“चाळीस मिनिटं.”

कुणीतरी शिवी हासडली. पण ती कुणाला द्यायची? त्या एक्केचाळीसांतले चार इशारे याच खोलीतल्या माणसांनी दाबले होते.

“काका,” रेवती म्हणाली, “माझ्या एकटीच्या हातात नाहीये. यंत्राचं चुकलंय असं मी लिहून दिलं तर आम्ही दोघं मिळून कुलूप काढू शकतो. पण यंत्र म्हणतंय सत्त्याण्णव टक्के घोळ. मी काय म्हणून लिहू?”

तेवढ्यात यशोदा आली. जेटीवर मासळी निवडत होती, तिथे तिला कुणीतरी सांगितलं असणार. हात तसेच खवल्यांनी भरलेले. ती सरळ वायरलेसजवळ जाऊन उभी राहिली.

“साठ वाव,” जितेश म्हणाला. मागे खलाशांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

“ताई, यंत्र चुकलंय,” हरेश्वर म्हणाला. “कासव्याला घोळ नाही.”

“काका, तो आवाज तुम्हीच सांगितला होता. घोळ म्हणून.”

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“चुकलो असेन.”

“तुमच्या त्या शब्दावर त्याने बाकीचे शेकडो आवाज ओळखलेत. नुसतं ‘चुकलो असेन’ म्हणून कसं चालेल? मला खरी घोळ दाखवा. एक आवाज दाखवा ज्याच्याबद्दल तुमची शंभर टक्के खात्री आहे. त्याच्याशी ताडून मी दोन मिनिटांत सांगते.”

खरी घोळ. नामदेव हातभर अंतरावर उभा होता. पोटचा पोरगा आणि चार खलाशी नाळेत, आणि हा माणूस अजून मनात जागा शोधत होता, दुसरी कुठली सांगता येईल का म्हणून. लाजिरवाणं आहे. पण झालं ते असं, आणि मी ते झाकणार नाही. पाच-सहा सेकंद गेले असतील.

“अहो,” यशोदा म्हणाली. एवढंच.

“अकरा नंबर,” हरेश्वर म्हणाला. “अकरा नंबरचा बोया. मी दगड म्हटलं होतं तो. ती घोळ आहे. तीन वर्षांपूर्वी होती, आत्ताही असेल. ती माझी जागा आहे, ताई. होडीतून पाहिलं की दीपगृह वेताळटेकडीच्या खांद्यावर बसतं आणि किनाऱ्यावरचे जोडताड एकात एक मिसळतात, तिथे. अठरा वाव पाणी. मी तुला खोटं सांगितलं. आणि कासव्याला नुसते दगड आहेत. दगड लाटेबरोबर वाजतात, लाट आली की वाजले, गेली की गप्प. घोळ लाटेला विचारत नाही. तुझ्या बोयाला लाट मोजता येते ना? मग मोज!”

रेवतीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. ते बघणं त्याला पुढे कित्येक दिवस झोपू देणार नव्हतं. मग तिची बोटं भराभर चालायला लागली. पडद्याच्या कोपऱ्यात दोन रेघा उमटल्या, वर लाटेची, खाली कासव्याच्या आवाजाची. दर नऊ सेकंदांनी दोन्ही बरोबर उचलत होत्या, बरोबर पडत होत्या. मग तिने अकरा नंबर लावला. खालची रेघ लाटेची पर्वा न करता गच्च भरून गेली होती, आणि खोलीत तो ढोल घुमला. खोलीतल्या एकाही तांडेलाला तो कशाचा, हे सांगावं लागलं नाही.

“मी लिहून देते,” रेवती अधिकाऱ्याला म्हणाली. “वर्गीकरण चुकलंय. काढा कुलूप.”

अधिकाऱ्याने रेघांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि अंगठा टेकवला.

“वीस वाव,” वायरलेस म्हणाला. मग काहीतरी घासल्याचा आवाज झाला, कुणीतरी ओरडलं आणि संपर्क तुटला.

यशोदा खाली बसली. नामदेवने माईक हातात घेऊन चार वेळा होडीचं नाव पुकारलं. पाचव्यांदा पुकारताना त्याचा आवाज फुटला. हरेश्वर खिडकीशी गेला. तिथून नाळ दिसत नाही, नुसता कासव्यावरचा पांढरा फेस दिसतो. तो फेस बघत उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या जागेचा, त्या अठरा वाव पाण्याचा, त्या ताडांचा मनापासून तिटकारा आला.

मग फेसाच्या डाव्या अंगाला ‘जीवदानी प्रसाद’चा निळा झेंडा दिसला. होडी एका बाजूला कलली होती, पण पूर्ण इंजिनावर येत होती.

खोलीत एकच गलका उठला. कुणी रडत होतं, कुणी जावयाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं. तो गलका जरा ओसरल्यावर पडद्यावरून रेवतीने हळूच विचारलं, “काका, बाकीचे सहा तांडेल? त्यांनीही?”

हरेश्वरने नामदेवकडे पाहिलं. बाकीचे पायांखालच्या फरशीकडे बघायला लागले. त्या सहांतला एक नामदेव होता.

“ताई,” तो घसा खाकरून म्हणाला, “उद्या या तुम्ही. वही घेऊन या. मोठी आणा.”

जितेश जेटीला लागला तेव्हा होडीची एक बाजू खरवडून निघाली होती आणि त्याच्या दोन्ही तळव्यांची साल नांगराच्या दोरीने गेली होती. काय झालं ते त्याला वाटेतच कळलं होतं. संपर्क पुन्हा जुळला होता आणि वायरलेसवर सगळं बंदर बोलत-ऐकत असतं. तो बापासमोर येऊन उभा राहिला.

“डब्याला शिकवायला तीन महिने बसलात,” तो म्हणाला. “आणि मला सांगितलंत, तिथे काही नाही, नाळेतून ये.”

हरेश्वरने त्याचे हात धरायचा प्रयत्न केला. जितेशने ते सोडवून घेतले आणि आईबरोबर घरी निघून गेला.

चार दिवस तो बापाशी बोलला नाही. त्या चार दिवसांत रेवती येऊन गेली. सातही तांडेल त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पुन्हा बसले आणि एकेकाने मान खाली घालून आपापल्या जागा सांगितल्या. ती हरेश्वरच्या घरी जेवायला थांबली नाही. “येईन काका,” म्हणाली, “पण आत्ता नको.” ते त्याला लागलं आणि लागायलाच हवं होतं. जाताना तिने त्याचा तो फॉर्म परत दिला. कोऱ्या दोन ओळींत तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘आता भरा.’ त्याने भरला. ‘नकाशा खोटा होता म्हणून. तो आम्हीच खोटा केला होता.’

चौथ्या दिवशी दुपारी हरेश्वरने आपली लहान वल्ह्याची होडी पाण्यात ढकलली. हिला इंजिन नाही, म्हणून जावईही नाही. हिला कुणी कुलूप लावू शकत नाही, ही गोष्ट बंदरात सगळ्यांना माहीत होती. जेटीवर नामदेव उभा होता, तो हाताची घडी घालून बघत राहिला. हरेश्वरने मुलाला हाक मारली.

“चल. अंधाराच्या आत परत येऊ.”

जितेश जागचा हलला नाही. मग काय वाटलं कोण जाणे, तळव्यांना फडकं गुंडाळून येऊन बसला. दीड तास बापच वल्हवत होता. दीपगृह टेकडीच्या खांद्यावर बसलं, जोडताड एकात एक मिसळले. हरेश्वरने वल्हं थांबवलं.

“ही,” तो म्हणाला. “आजोबांची जागा.”

जितेशने इकडेतिकडे पाहिलं. बघण्यासारखं काही नव्हतंच, नुसतं पाणी. हरेश्वरने वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं आणि दांडा मुलाच्या कानामागे टेकवला. “तोंड उघडं ठेव जरा. श्वास रोख.”

बराच वेळ जितेशच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग त्याच्या भुवया हलल्या. त्याने दांडा दोन्ही दुखऱ्या हातांनी घट्ट धरला, डोळे मिटले, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“किती आहेत!” तो पुटपुटला.

“आहेत.”

खिशातला फोन टिंग वाजला. जितेशने तो काढून पाहिला. यंत्र नव्याने शिकल्यावर पहिल्यांदाच नकाशावर अकरा नंबरभोवती लाल गोल भरत होता. किनाऱ्यावरच्या प्रत्येक केबिनमध्ये तो आता दिसत असणार. जितेशने होडीत नजर फिरवली, फळ्यांखाली वाकून पाहिलं, मागे पाहिलं.

“बाबा, जाळं कुठाय?”

“घरी,” हरेश्वर म्हणाला.

जितेशने पुन्हा दांडा कानाला लावला. काळोख पडायच्या आत परतायला हवं होतं, पण हरेश्वरने घाई केली नाही.

“आज इथे घोळ बोलतेय, हे आधी कुणाला कळलं?” थोड्या वेळाने जितेशने डोळे न उघडताच विचारलं. “मला की जावयाला?”

“तुला,” हरेश्वर म्हणाला आणि दुसरं वल्हं उचलून त्याने होडीचं तोंड हळूच बंदराकडे वळवलं.